मुलींच्या अंगी बळ यावे म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी मुलगी कबड्डी खेळते आणि तिच्या निमित्ताने दोन वर्षे मी मैदानावर जाऊन बसते. तेथे जे पाहिले व शिकवणाऱ्या बाईंना विचारून समजून घेतले, तेवढेच आज सांगते.

वजने उचलून मुलगी पुरुषी दिसेल, तिची उंची खुंटेल, असे आपल्यापैकी कित्येकींना वाटते. त्यात तथ्य नाही. डोक्यावर दोन घागरी घेऊन येणाऱ्या मुलीची मात्र आपल्याला कधी काळजी वाटली नाही! सन २००० मध्ये ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन प्रथमच सुरू झाले आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणले. लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या मणिपूरच्या मीराबाई चानूने २०२१ साली टोकियोत दोन प्रकारांत मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले.

मात्र बळ वाढवण्याला रीत आहे. आधी नुसती बैठक नीट बसली पाहिजे. पावले खांद्यांइतकी अलग, टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ सरळ, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. खाली जावे सावकाश, उठावे झपाट्याने. चढाईत पकडीतून निसटताना पायांतला हाच जोर कामी येतो. जमिनीवरचे वजन उचलताना ते अंगाशी धरावे, पाठीला पोक काढू नये.

हा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस मोकळा. भिजवलेली कणीक जशी मुरू द्यावी लागते, तसे स्नायूही विश्रांतीतच बळकट होतात. आठ-दहा वेळा असे तीन फेरे करावेत. आणखी दोनदा जमेल एवढा दम शिल्लक असतानाच थांबावे. तिन्ही फेरे न चुकता होऊ लागले, म्हणजे किलोभर वजन वाढवावे. ठेवण बिघडली तर कमी करावे. सामन्याच्या आठवड्यात व्यायाम सोडू नये, निम्म्यावर आणावा. पाळीच्या दिवसांतही त्रास नसेल तर हरकत नाही.

आता आपले काम. मुलाच्या ताटात अंडे आणि मुलीच्या ताटात नुसते कालवण, हा भेद आपणच मोडला पाहिजे. उसळ, दूध, अंडे तिलाही हवे आणि पुरती झोपही हवी. परीक्षा किंवा पाहुणे आले की पहिल्याने तिचाच खेळ बंद होतो, तेही थांबावे.

माझी एक विनंती आहे. मंडळाची ही खोली संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस ती वस्तीतल्या मुलींना उघडून द्यावी. सतरंज्या आपल्याकडे आहेतच. वजनासाठी वाळूच्या पिशव्या शिवणवर्गातल्या जाड कापडाच्या होतील, त्या शिवून द्यायला मी तयार आहे. शिकवणाऱ्या बाईंनी यायचे कबूल केले आहे.

आपण सर्वजणींनी याचा विचार करावा, एवढे बोलून मी आपली रजा घेते.