रेणूचे रूप आणि भोवतालचे द्रव्य



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या सरांच्या विज्ञानाच्या तासाला बसण्याचे भाग्य मला लाभले. पाणी किती अंशांवर उकळते, असे त्यांनी विचारले की आम्ही एका सुरात ‘शंभर’ म्हणत असू. आणि सर शांतपणे विचारीत, ‘कुठे?’ आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे. येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यातील वादही या ‘कुठे’चाच आहे.

विषय आहे विषाणूंच्या जलद्वेषी प्रथिनांचा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यांपैकी काहींचे पाण्याशी जुळते, काहींचे जुळत नाही. गरम वरणावर तुपाचे थेंब जसे एकमेकांना येऊन मिळतात, तशी ही जलद्वेषी अमिनो आम्ले पाणी टाळून साखळीच्या पोटात दडतात. प्रथिनाला त्याची घडी लाभते ती बव्हंशी यामुळे. अर्थात भोवतालच्या पाण्याची आम्लता वाढली, किंवा पाण्याच्या जागी मेद आला, तर घडीही बदलू शकते. काही विषाणूंचा सारा निर्वाह या बदलावर चालतो.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू घेऊ. त्याच्या पृष्ठभागावर हीमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी १९८१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तीत सुमारे २० अमिनो आम्लांचा एक जलद्वेषी तुकडा काट्याच्या आत झाकलेला आढळला. पेशी विषाणूला गिळते तेव्हा तो एका सूक्ष्म पिशवीत जातो. तेथील आम्लता वाढत जाऊन पीएच पाच-साडेपाचपर्यंत उतरला की काट्याची घडी मोडते. १९९४ मध्ये बुलो, ह्युसन, स्केहेल आणि वायली यांनी आम्लातील रूप दाखविले. त्यावरून कळले की तो दडलेला तुकडा निदान १०० अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग, दूर फेकला जातो. तो पेशीच्या मेदपटलात रुततो आणि पुढे विषाणूचे व पेशीचे पटल एकजीव होते. हा सापळा एकदाच उडतो. जवळ पेशी नसताना आम्ल लागले, तर काटा वाया जातो.

येथवर कोणाचा फारसा मतभेद नाही. वाद झाला तो याच विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनावरून. एम-टू हे त्याचे नाव. लांबी अवघी ९७ अमिनो आम्ले. असे चार रेणू मिळून विषाणूच्या पटलातून आरपार जाणारी एक नळी तयार होते आणि तिच्यातून प्रोटॉन आत शिरतात. अमेरिकेत १९६६ मध्ये मान्यता मिळालेले अमँटाडीन हे औषध ही नळी निकामी करते. पण ते नेमके बसते कोठे?

पटलात राहणारी प्रथिने पाण्यात नांदत नाहीत. माझ्या उमेदवारीच्या काळात महिनाभर खपून शुद्ध केलेले असे एक प्रथिन, डिटर्जंट काढून घेताच, परीक्षानळीच्या तळाशी पांढरा साका होऊन बसले. म्हणून संशोधक त्यांना डिटर्जंटच्या आधाराने सांभाळतात. ३१ जानेवारी २००८ च्या ‘नेचर’च्या अंकात एम-टूविषयी दोन लेख शेजारी-शेजारी आले. एका गटाने प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचे स्फटिक घेतले होते. त्यांना अमँटाडीन नळीच्या आत दिसले. दुसऱ्या गटाने थोडा लांब तुकडा निराळ्या डिटर्जंटच्या द्रावणात ठेवून एन. एम. आर. पद्धतीने तपासला. त्यांना अमँटाडीनचेच भावंड रिमँटाडीन नळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेले दिसले, तेही चार ठिकाणी. दोन्ही गट नावाजलेले, दोन्हींचे काम काटेकोर.

२०१० मध्ये तिसऱ्या एका गटाने हे प्रथिन मेदाच्या दुहेरी थरात, म्हणजे त्याच्या घराशी मिळत्याजुळत्या जागी, तपासले. औषध बेताचे असता ते नळीच्या आत आढळले. प्रमाण बरेच वाढविल्यावर बाहेरच्या जागाही भरू लागल्या. दुसऱ्या गटाला मी खोटे ठरविणार नाही. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या परीक्षानळीत होतेच. मात्र डिटर्जंटचे रेणू गोल पुंजके करतात, सपाट पटल करीत नाहीत, आणि चार रेणूंच्या त्या जुडग्यावर त्याचा ताण पडतो. माझे मत विचाराल तर पटलातील प्रथिनाचे चित्र मेदाविना काढलेले असेल, तर ते तात्पुरतेच मानावे.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. एम-टूच्या ३१ व्या जागी सेरिनऐवजी अस्पॅराजिन आलेले विषाणू जगभर पसरले होते, आणि २००६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या मोसमात ही दोन्ही औषधे न वापरण्याचा सल्ला दिला होता. ती ३१ वी जागा नळीच्या आतल्या अंगाला आहे. नवे औषध या बदललेल्या नळीसाठी बेतायचे की बाहेरच्या खाचेसाठी, हे वरच्या वादावर अवलंबून होते. पुढे नळीच्या आत बसून बदललेल्या एम-टूलाही रोखणारे रेणू प्रयोगशाळांत तयार झाले. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत आकृतीखाली पीएच, मेद, डिटर्जंट आणि तापमान लिहिलेले नसेल, तर मी त्या पानावर सही करीत नाही.