उशिरावर कुणाची सही नसते



पदवीधरांनो, ही पदवी तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना कितीला पडली हे तुम्ही जाणता, त्यात मी भर घालत नाही. निवृत्त वैमानिकाला बोलावलं की आकाश, गरुड, झेप असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. मी फायलींबद्दल बोलणार आहे. लढाऊ वैमानिकाचं आणि त्याच्या घरच्यांचं आयुष्य जेवढं आकाशात ठरतं, तेवढंच जमिनीवरच्या टेबलांवर ठरतं. पेण-रोह्याकडचे तुमच्यातले बरेच जण उद्या अशाच टेबलांमागे बसतील : बँकेत, तहसील कचेरीत, धाटावच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात.

आमच्या व्यवसायाला जुन्या गोष्टी सांगायची खोड आहे, तेव्हा एक सांगतोच. हवाई दलातले लढाऊ वैमानिक दिलीप परुळकर १९६५ च्या युद्धात गोळी लागूनही विमान परत घेऊन आले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत पोखरून १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते आणि त्यांचे सहकारी वैमानिक ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर असताना त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला आणि तिथंच घात झाला. नकाशावर दिसणारं ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेलं स्टेशन विचारणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघे धरले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांबरोबर ते मायदेशी परतले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले. ही कथा शौर्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातली ती शिळी नोंद सोडवत नाही. भिंत, पहारा, खैबर खिंड यांना पुरून उरलेलं धाडस एका न सुधारलेल्या नकाशापुढे हरलं.

ती नोंद परक्या मुलखातली होती. आपल्या घरची नोंद याहून कडू आहे. १९८२ साली लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीनं सांगितलं की नवशिक्या वैमानिकांसाठी प्रगत प्रशिक्षण जेट विमान हवं. साध्या किरण विमानावर शिकलेला पोरगा ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं उतरणाऱ्या मिग-२१ मध्ये बसवला जात होता. मधली पायरीच नव्हती. ती पायरी म्हणजे हॉक विमान. त्याचा करार २००४ मध्ये झाला आणि विमान दलात आलं २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांच्यात सव्वीस वर्षं गेली. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ सह कोसळले. त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मिग-२१ च्या अपघातांबद्दल देशाला उघड प्रश्न विचारले. एका अपघाताचं खापर एका फायलीवर फोडणं योग्य नाही, प्रत्येकाची कारणं वेगळी असतात. पण सव्वीस वर्षांच्या त्या विलंबाचा एकाही अपघाताशी संबंध नव्हता, असं म्हणायला फार मोठं धाडस लागेल.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, वैमानिक हा धोका स्वतःहून पत्करतो. खरं आहे. पण तो शत्रूच्या तोफेचा धोका पत्करतो, अडून राहिलेल्या खरेदीचा नव्हे. दुसरा, संरक्षण खरेदीत घाई केली तर भ्रष्टाचार माजतो, म्हणून सावधपणा हवा. तोही मान्य. मात्र सावधपणा आणि दिरंगाई ओळखायची खूण सोपी आहे. सावध माणूस कागदावर हरकत लिहितो, खाली सही करतो, तारीख घालतो. दिरंगाई काहीच लिहीत नाही. चुकीच्या निर्णयाची चौकशी होते, न घेतलेल्या निर्णयाची होत नाही. म्हणून हुशार माणसं निर्णयच घेत नाहीत. तिसरा, असे प्रश्न विचारल्यानं दलाचं मनोधैर्य खचतं. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एखादं डीब्रीफिंग पाहावं. उड्डाण संपल्यावर त्या खोलीत कनिष्ठ वैमानिक आपल्या नेत्याची चूक तोंडावर सांगतो आणि नेता ती ऐकून घेतो, कारण ती चूक उद्या कुणाचा तरी जीव घेईल हे दोघांनाही ठाऊक असतं. दलाचं मनोधैर्य त्याच खोलीत तयार होतं. माझी तक्रार एवढीच की ही शिस्त धावपट्टीपाशी संपते, संरक्षण मंत्रालयाच्या जिन्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि उशिराची किंमत घरं मोजतात. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ च्या मोहिमेवरून परतले नाहीत. बेपत्ता ठरलेल्या ५४ भारतीय सैनिकांत त्यांचं नाव आहे. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची दशकं त्यांनी उत्तराची वाट पाहत ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये काढली. ज्यांची माणसं परत येतात त्यांच्याही वाट्याला उशीर येतोच. वैमानिक साधारण पन्नाशीच्या मध्यात निवृत्त होतो. तोवर दर दोन-तीन वर्षांच्या बदल्यांत बायकोची नोकरी कुठेच रुजलेली नसते आणि मुलांच्या शाळा मोजायच्या तर हाताची बोटं कमी पडतात. मग पेन्शनचा कागद हेच घराचं छप्पर होतं. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन हे तत्त्व संसदेच्या कोश्यारी समितीनं २०११ मध्ये उचलून धरलं, तरी २०१५ च्या उन्हाळ्यात पांढऱ्या केसांच्या सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं. आदेश निघाला तो नोव्हेंबरात.

तुम्हाला हे शिकवायला दिल्लीचे दाखले लागायला नकोत. पेणचे मूर्तिकार वर्षभर राबतात ते एका तारखेसाठी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तयार झालेली मूर्ती कितीही सुबक असली तरी तिला गिऱ्हाईक नाही. खाडीच्या पाण्याला बांध घालून शेती करणाऱ्या खारबंदिस्तीच्या गावांत तर याहून स्पष्ट कळतं. बांधाला खांड पडते तेव्हा ती हातभर असते. त्याच ओहोटीत चिखल टाकून ती बुजवली तर शेत वाचतं. जबाबदारी कुणाची, हे ठरवत बसलं तर उधाणाचं खारं पाणी आत येतं आणि पुढे कैक हंगाम भात पिकत नाही. धाटावच्या कारखान्यातला गळका व्हॉल्व्ह, कचेरीतला विधवेचा अर्ज, बँकेतलं अडलेलं प्रकरण, या सगळ्या खांडीच आहेत. होकार द्या किंवा नकार द्या, पण लिहून द्या, खाली सही करा आणि सहीखाली तारीख घाला. तुमची चूक झाली तर ती कुणाला तरी दुरुस्त करता येईल. कोरा ठेवलेला कागद दुरुस्त करता येत नाही.