अक्रोड, त्याचा अर्क आणि वार्धक्य



मागील व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त शिक्षक मला दाराशी भेटले. त्यांनी पिशवीतून अक्रोडाच्या अर्काच्या गोळ्यांची एक बाटली काढली. वार्धक्य रोखण्याचे आश्वासन तिच्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. निवृत्तिवेतनाचा बराच भाग तिच्यावर खर्च होत असल्यामुळे त्यांनी घरातले दूध निम्म्यावर आणले होते. "हे मी योग्य करतो आहे ना?" असे त्यांनी विचारले. उभ्या उभ्या उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. आज त्यांच्याच अनुमतीने तो आपल्यापुढे मांडतो.

भारतातील बहुतेक सर्व अक्रोड ज्या काश्मीर खोऱ्यात पिकतात, तेथे माझे बालपण गेले. सप्टेंबर महिन्यात माणसे उंच झाडांवर चढून लांब काठ्यांनी फळे झोडपतात. हिरवी साल सोलताना हात काळे पडतात आणि तो रंग कित्येक दिवस जात नाही. झाडावरून पडून काही जण प्राणास मुकतात, तर काही पाठीचा कणा मोडून कायमचे अंथरुणाला खिळतात. आजच्या विषयाशी याचा थेट संबंध नाही. पण अक्रोडाचे गुण गाताना हे सांगावयाचे राहून जाते, म्हणून सांगितले.

अक्रोडाच्या मगजात सुमारे 65 टक्के तेल असते. त्यातील बहुतेक मेदाम्ले असंतृप्त असून ऑक्सिजनाशी त्यांचा संयोग फार लवकर होतो. फोडून उघडे ठेवलेले अक्रोड खवट होतात ते यामुळेच. कवचाच्या आत मगजाला एक तपकिरी, तुरट पापुद्रा चिकटलेला असतो. पुष्कळ जण तो खरवडून टाकतात. अक्रोडातील पॉलिफेनॉल द्रव्यांचा फार मोठा साठा नेमका त्या पापुद्र्यात असतो. या द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. शब्द जड आहे, पण काम सोपे आहे. तेलाची हानी होण्यापूर्वी ही द्रव्ये स्वतःच पुढे होऊन ऑक्सिडीकरणाचा आघात झेलतात. झाडाने ही तजवीज स्वतःच्या बीजासाठी केलेली आहे. तीत आपल्या म्हातारपणाचा विचार नाही.

मग अक्रोडाचा संबंध माणसाच्या वार्धक्याशी जोडला गेला कसा? अमेरिकन शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी 1956 साली एक उपपत्ती मांडली. पेशींमध्ये ऑक्सिजनाचा वापर होत असताना मुक्त मूलक नावाचे अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. ते पेशींच्या घटकांची हानी करतात आणि ती साठत जाणे म्हणजेच वार्धक्य, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1972 मध्ये त्यांनी पेशीतील तंतुकणिकांकडे या हानीचे मुख्य स्थान म्हणून बोट दाखविले. कल्पना आकर्षक होती. मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये पोटात घेतली की वार्धक्य लांबेल, हा निष्कर्ष जणू आपोआप निघाला. परीक्षानळीत कोणता पदार्थ किती मूलके टिपतो याचे तक्ते तयार झाले आणि अक्रोडाला त्यांत मानाचे स्थान मिळाले. व्यापाऱ्यांनी या तक्त्यांचा सपाटून उपयोग केला. शेवटी 2012 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला असा तक्ता मागे घेतला, कारण नळीतील या आकड्यांवरून शरीरातील परिणाम सांगता येत नव्हता.

शरीर म्हणजे काही परीक्षानळी नव्हे. अक्रोडातील एलाजिटॅनिने जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत. आतड्यातील सूक्ष्मजंतू त्यांपासून यूरोलिथिन नावाची संयुगे बनवितात. पण हे जंतू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात आणि काहींच्या शरीरात ही संयुगे जवळजवळ बनतच नाहीत. शिवाय मुक्त मूलक केवळ शत्रू नव्हेत. पेशी त्यांचा निरोप्यासारखा उपयोगही करून घेतात. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन या प्रतिऑक्सिडीकारकाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला! ती गोळी अक्रोडाची नव्हती, हे खरे. परंतु अन्नातून वेगळे काढलेले द्रव्य निरुपद्रवीच असणार, हा समज त्या दिवशी मोडला.

आता प्रत्यक्ष अक्रोडाविषयी. वृद्ध उंदरांवरील एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. आहारात 2 किंवा 6 टक्के अक्रोड असता त्यांची तोल सांभाळण्याची शक्ती आणि स्मृती काही कसोट्यांत सुधारली. 9 टक्के असता मात्र एका प्रकारची स्मृती उलट बिघडली. अधिक ते उत्तम, असे येथेही ठरले नाही. माणसांवरील महत्त्वाची चाचणी बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे झाली. 63 ते 79 वर्षे वयाच्या 708 निरोगी स्त्रीपुरुषांपैकी एका गटाला दोन वर्षे रोज 30 ते 60 ग्रॅम अक्रोड देण्यात आले. बुद्धीची झीज त्यामुळे मंदावली नाही, असा निष्कर्ष 2020 मध्ये निघाला. बार्सिलोनाच्या गटात थोडा लाभ दिसला, पण एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल मात्र किंचित उतरले. या चाचणीला कॅलिफोर्नियातील अक्रोड-उत्पादकांच्या मंडळाचे अर्थसाहाय्य होते; तरीही प्रतिकूल उत्तर लपविले गेले नाही, याचे मला समाधान वाटते.

लक्षात घ्या, ही चाचणी अख्ख्या अक्रोडाची होती. बाटलीतील अर्कामुळे माणसाचे वार्धक्य लांबते असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही.

गुरुजी आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. गुरुजी, आपले दूध आधी पूर्ववत सुरू करा. अक्रोड आवडत असतील आणि परवडत असतील, तर रोज चार-पाच खावेत, पापुद्र्यासकट. तळलेल्या फराळाऐवजी खाल्ले तर अधिक बरे. कवचासह आणावेत आणि लागतील तसे फोडावेत. फोडलेले घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावेत. खवट लागले तर टाकून द्यावेत. अक्रोडाने अंगावर पित्त उठत असेल किंवा घसा सुजत असेल, तर त्याच्या वाटेसही जाऊ नये. त्यातील ओमेगा-3 मेदाम्लासाठीच खावयाचे असतील, तर जवसात ते अक्रोडाहून अधिक असते आणि जवस पुष्कळ स्वस्तही मिळते. आपण हृदयाची औषधे घेता असे म्हणाला होता, तेव्हा उरलेल्या गोळ्या तूर्त बाजूला ठेवून ती बाटली एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा. दुकानदार ती परत घेईल का, हेही आपण विचारले होते. सील न फोडलेली असेल, तर उद्याच जाऊन त्याला विचारा.