कोपराची मोकळीक

मोडलेले हाड सांधले म्हणजे दुखणे संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु दंडाचे हाड कोपरापाशी मोडले, तर ही समजूत फसवी ठरते. तेथे हाड उत्तम सांधूनही हात निकामी राहू शकतो.

याचे कारण त्या जागेच्या घडणीत आहे. दंडाचे हाड खाली येता येता चपटे होते व त्याला दोन खांब फुटतात. त्या खांबांच्या मध्ये दोऱ्याच्या रिळासारखा एक गुळगुळीत भाग आडवा बसविलेला असतो. या रिळावर कोपराखालचे हाड फिरते, म्हणूनच घास तोंडापर्यंत पोहोचतो. तरुण माणूस वाहनाच्या अपघातात सापडला, किंवा वृद्ध स्त्री घरातच घसरून पडली, की पुष्कळदा या रिळाचेच तुकडे होतात. ते वेडेवाकडे जुळले तर बिजागरी अडते. आणि नीट जुळावेत म्हणून आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवावेत, तर कोपर ताठरते. सांध्यांमध्ये कोपराइतका लवकर रुसणारा सांधा क्वचितच असेल.

या पेचातून वाट काढण्यास धातूच्या पट्ट्यांचे मोठे साहाय्य झाले. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यचिकित्सकांनी एक मंडळ स्थापून असा आग्रह धरला की, हाड इतके पक्के बसवावे की सांधा लगेच हलविता यावा. कोपराच्या शस्त्रक्रियेत बहुधा मागचे टोकदार हाड मुद्दाम कापून वर उचलतात, रिळाचे तुकडे जुळवितात आणि दोन्ही खांबांवर एकेक पट्टी स्क्रूंनी बसवितात. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू आतल्या खांबाला लागूनच असल्याने तो जपावा लागतो. शेवटी कापलेले टोक तारेने पुन्हा आवळतात.

बंगळूर शहरात या दुखण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे १९०० साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय आणि जयनगर भागातील संजय गांधी अपघात व अस्थिरोग संस्था. दुसरीकडे आंध्रातील पुत्तूर गावच्या परंपरेने हाड बांधून देणाऱ्यांच्या पाट्या. हाडवैद्यावरील लोकांचा विश्वास पिढ्यान् पिढ्यांचा आहे व तो उपहासाचा विषय नव्हे. तथापि रिळाचे तुकडे बाहेरून बांधून जागेवर येत नाहीत. पट्टी करकचून आवळल्यास रक्तप्रवाह खुंटून स्नायू कायमचे आखडू शकतात. बांधल्यावर बोटे थंड वा निळी पडली, बधिर झाली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर घटकाभरही थांबू नये.

आता फलिताविषयी. पट्ट्या बसविल्यावर बहुतेकांचे हाड सांधते. तक्रार उरते ती ताठरपणाची, करंगळीच्या बधिरपणाची, आणि क्वचित स्क्रू ढिले होण्याची. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत कधी कृत्रिम सांधाच बसवावा लागतो. संपूर्ण सरळ हात शून्य अंश धरला, तर ३० पासून १३० अंशांपर्यंत कोपर वाकले की जेवणे, केस विंचरणे, बहुतेक नित्यकर्मे साधतात. हात अगदी पूर्वीसारखा सरळ झाला नाही, तरी माणूस परावलंबी होत नाही.

पण हे अंश शल्यचिकित्सक देत नाही. तो केवळ त्यांची शक्यता निर्माण करतो. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, त्याच्या सल्ल्याने, रुग्णाने स्वतः कोपर हलविण्यास आरंभ करावयाचा असतो. दुसऱ्याने जोराने ओढणे किंवा चोळणे मात्र घातक. त्याने स्नायूंत नवे हाड धरण्याचे भय असते. घरच्या मंडळींनी मायेपोटी आजीला घास भरवू नये; तिचा हात तिच्या ताटाकडून तोंडाकडे जाऊ द्यावा. पट्टी हाडाला धरून ठेवते ती याचसाठी.