पराभूत उमेदवाराची पुढली तारीख : लिओ वराडकर यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने



२०१७ च्या जून महिन्यात आयर्लंडच्या पंतप्रधानपदी, ज्याला त्या देशात ‘टीशक’ अशी संज्ञा आहे, लिओ वराडकर नावाचे अडतीस वर्षांचे गृहस्थ निवडून आले, तेव्हा मालवण तालुक्यातील वराड या त्यांच्या वडिलांच्या मूळ गावी जो आनंद झाला तो स्वाभाविक होता. आणि पुढे २०१९ च्या डिसेंबरअखेर तेच गृहस्थ आपल्या आईवडिलांसह व बहिणींच्या परिवारासह त्या गावी आले, वाडवडिलांच्या घरात शिरले व ग्रामदैवतासमोर उभे राहिले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या भेटीचे जे कौतुक केले तेही गैर नव्हते. परंतु आडनावाच्या या अभिमानात आपण इतके गुंतून जातो की, ज्या व्यवस्थेने एका स्थलांतरित डॉक्टरच्या मुलाला गावकीच्या राजकारणातून राष्ट्राच्या कारभारापर्यंत पोहोचू दिले तिच्याकडे आपली दृष्टी जात नाही. आज भंडाऱ्याच्या या व्यासपीठावरून मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या व्यवस्थेविषयी, आणि तिच्यातील एका अगदी साध्या, म्हणूनच दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीविषयी.

प्रथम कुळकथा थोडक्यात सांगतो. लिओंचे वडील डॉ. अशोक वराडकर हे मुंबईचे. १९६० च्या दशकात ते वैद्यकीय व्यवसायासाठी इंग्लंडला गेले. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डनगार्वन या गावच्या मिरियम इंग्लंडमध्येच परिचारिका होत्या; तेथील स्लाऊ या गावी दोघांची भेट झाली आणि पुढे हे कुटुंब डब्लिनच्या पश्चिमेकडील उपनगरात स्थायिक झाले. १८ जानेवारी १९७९ रोजी जन्मलेले लिओ हे त्यांचे तिसरे व धाकटे अपत्य. घरात वैद्यकी होती म्हणून मुलगाही ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकला, २००३ मध्ये पदवीधर झाला, आणि शिक्षणाच्या ओघात काही काळ परळच्या के. ई. एम. रुग्णालयातही त्याने उमेदवारी केली. आपल्या दोन काकांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्याचे वराडकर आवर्जून सांगत आले आहेत. इंग्रजांच्या तुरुंगाची आठवण ज्या घरात आहे त्या घराला आयर्लंड परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता मुख्य कथेकडे वळतो, आणि ती पराभवापासून सुरू होते. ११ जून १९९९ रोजी आयर्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. वीस वर्षांचा हा विद्यार्थी ‘फिन गेल’ पक्षातर्फे उभा राहिला आणि पडला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी आणखी एका प्रश्नावर कौल दिला होता, आणि माझ्या मते त्या दिवसाचे खरे महत्त्व त्या कौलात आहे. १९९१ नंतर त्या देशात परगणा व शहर परिषदांच्या निवडणुका झाल्याच नव्हत्या. सरकारच्या सोयीने त्या वेळोवेळी लांबणीवर टाकल्या जात, आणि हा प्रघात जुना होता. म्हणून राज्यघटनेत दुरुस्ती करून असा दंडक घालण्यात आला की, स्थानिक संस्थांची निवडणूक मागील निवडणुकीच्या वर्षानंतरचे पाचवे वर्ष संपण्याच्या आत झालीच पाहिजे. जनतेने सार्वमताने तो मान्य केला. ज्या दिवशी तो तरुण हरला त्याच दिवशी त्याला, आणि त्याच्याबरोबर हरलेल्या शेकडो अनाम उमेदवारांना, पुढल्या निवडणुकीची हमी मिळाली.

ज्या फिंगल परगण्याच्या परिषदेसाठी ही लढत होती तिची हकीकत आपल्याला परकी वाटू नये. १ जानेवारी १९९४ रोजी जुन्या डब्लिन परगण्याचे तीन भाग करण्यात आले आणि त्यांपैकी उत्तरेकडचा भाग फिंगल झाला. १ मे १९९९ रोजी आपल्या भंडाऱ्यातून गोंदिया निराळा झाला, तसाच हा प्रकार. मात्र अधिकारांचा हिशेब मांडू गेल्यास आपली जिल्हा परिषद त्या परिषदेहून सरस ठरते. आपल्याकडे प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या दप्तरी आहेत. तेथे शाळा परिषदेच्या अखत्यारीत नाहीत, पोलीसही नाहीत. घरबांधणी, रस्ते, उद्याने, ग्रंथालये, आणि कोणत्या जमिनीवर काय बांधावे याचा आराखडा, एवढाच काय तो तेथील कारभार. त्यातही दैनंदिन सत्ता नियुक्त व्यवस्थापकाच्या हाती. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासमोर आपली कैफियत मांडून थकलेला आपला एखादा सदस्य तेथे गेला, तर तेथील सदस्याचे दुखणे त्याला न सांगता कळेल.

२००३ मध्ये वराडकर या परिषदेवर आले ते मतदानाने नव्हे. तेथे जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही, परिषद स्वीकृतीने ती भरते व सामान्यतः त्याच पक्षाचा माणूस घेते. लोकमताशिवाय लोकप्रतिनिधी होण्याची ही रीत मला पसंत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु घटनेने नेमून दिलेले वर्ष जवळ आले होते. २००४ मध्ये कॅसलनॉक विभागातून ते मतदारांसमोर गेले आणि पहिल्या पसंतीची ४,८९४ मते मिळवून पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या वर्षी साऱ्या देशात स्थानिक निवडणुकीत पहिल्या पसंतीची एवढी मते दुसऱ्या कोणाला मिळाली नाहीत.

या पसंतीच्या पद्धतीचे वर्णन केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपल्या भंडारा-गोंदिया स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर सदस्य पाठवताना परिषदांचे व पालिकांचे सदस्य नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालतात; तेथे हा अधिकार सामान्य मतदाराला आहे, आणि एका विभागातून अनेक प्रतिनिधी निवडले जातात. तीन जागा असतील तर वैध मतांच्या चतुर्थांशाहून एक मत अधिक, हा विजयाचा कोटा. ज्याची मते कोट्याहून वाढतील त्याची शिल्लक मते, आणि जो तळाशी राहील त्याची सर्व मते, पुढील पसंतीप्रमाणे इतरांकडे वळतात. त्यामुळे मतमोजणी दोन दोन दिवस चालते. मोठ्या सभागृहात लांबलचक मेजांवर मतपत्रिका उलगडल्या जात असतात, आणि कठड्याच्या अलीकडे हातात कागद-पेन्सिल घेऊन वाकलेले पक्षांचे कार्यकर्ते प्रत्येक पत्रिकेवरील आकडा टिपत असतात; अधिकृत निकाल हाती येण्याच्या कितीतरी आधी कोणत्या आळीने कोणाला किती मते दिली हे त्यांच्या टिपणावरून सांगता येते. हरलेल्या उमेदवारालाही त्या टिपणातून आपला ताळेबंद मिळतो, आणि तो घेऊन तो पुढील पाच वर्षांच्या कामाला लागतो.

आता आपल्या घराकडे पाहू. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८३ मध्ये मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. परंपरा थोर आहे. पण महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या सार्वत्रिक निवडणुकांची सनावळी पाहा : १९६२, १९६७, १९७२, १९७९, आणि त्यानंतर एकदम १९९२. जो तरुण १९७९ मध्ये एकविसाव्या वर्षी पडला, त्याला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळाली तेव्हा तो चौतिशीत पोहोचला होता. पऱ्हे वेळेवर उपटून बांधीत रोवले नाहीत तर त्यांचे काय होते, हे धानाच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको.

१९९३ मध्ये त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पाच वर्षांची मुदत आपल्याही घटनेत लिहिली गेली. या बाबतीत आपण आयरिश लोकांच्या सहा वर्षे पुढे होतो. तरीही २०१५ मध्ये निवडलेल्या आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२० मध्ये संपली, तेव्हा कारभार प्रशासकाकडे गेला. महासाथीचे संकट खरे होते, हे मी नाकारत नाही. परंतु पुढे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ५२ गटांपैकी ३९ गटांत २१ डिसेंबर २०२१ रोजी व उरलेल्या १३ गटांत १८ जानेवारी २०२२ रोजी असे दोन हप्त्यांत मतदान झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. राज्यातील इतर अनेक पालिकांना व परिषदांना तर त्यानंतरही वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हुकमतीखाली राहावे लागले. आरक्षणाचा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याचा निर्णय झालाच पाहिजे. पण त्यासाठी लागणारी माहिती वेळेवर गोळा न करणे ही शासनाची कसूर, आणि तिचा दंड मात्र मतदाराने भरावा, हे कोणत्या न्यायात बसते?

वराडकरांना परिषदेच्या कामाने घडवले असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. त्यांची तेथील कारकीर्द चार वर्षांची. त्यात ते काही काळ उपमहापौर होते, इतकेच. २००७ मध्ये ते डब्लिन पश्चिम या मतदारसंघातून ‘डॉइल’वर, म्हणजे तेथील लोकसभेवर, निवडून गेले आणि परिषदेची जागा त्यांना सोडावी लागली, कारण एकाच वेळी दोन्ही सभागृहांत बसण्यास २००३ च्या कायद्याने बंदी केली होती. २०१० मध्ये त्यांनी पक्षनेते एंडा केनी यांच्याविरुद्धच्या बंडात भाग घेतला. बंड फसले, तरी २०११ मध्ये केनींनीच त्यांना वाहतूक, पर्यटन व क्रीडा खात्याचे मंत्री केले. पुढे आरोग्य व समाजकल्याण ही खाती आली. आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, १८ जानेवारी २०१५ रोजी, आपण समलिंगी असल्याचे त्यांनी नभोवाणीवरील मुलाखतीत सांगितले. चारच महिन्यांनी त्या कॅथलिक देशाने समलिंगी विवाहाला सार्वमताने मान्यता दिली. सत्तेच्या पायरीवर उभे असताना असे बोलण्यास जे धैर्य लागते त्याला मी मनापासून वंदन करतो.

२०१७ ची पक्षनेतेपदाची निवडणूक मात्र तपशिलाने पाहण्याजोगी आहे. पक्षाच्या नियमाप्रमाणे संसदीय पक्षाच्या मतांना ६५ टक्के, सामान्य सभासदांच्या मतांना २५ टक्के, आणि स्थानिक संस्थांतील सदस्यांच्या मतांना १० टक्के वजन होते. सामान्य सभासदांनी प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना ७,०५१ व वराडकरांना ३,७७२ मते दिली. संसदीय पक्षात वराडकरांना ५१ व कोव्हनींना २२. आणि स्थानिक सदस्यांत १२३ विरुद्ध १००. सभासदांचा कौल डावलला गेला असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. तथापि गावपातळीच्या सदस्याला भावी पंतप्रधानाच्या निवडीत लेखी, मोजलेला हिस्सा असावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. आपल्या कोणत्या पक्षाने जिल्हा परिषदेच्या सदस्याला असा हिस्सा दिला आहे?

पंतप्रधान म्हणून त्यांनी केलेल्या कामांपैकी दोन मोठी. २०१८ मध्ये गर्भपातावरील घटनात्मक बंदी सार्वमताने उठली. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या-पहारे येऊ नयेत म्हणून त्यांनी जो आग्रह धरला, त्यातून ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी झालेल्या भेटीनंतर तडजोडीची वाट निघाली. घरांची टंचाई मात्र त्यांच्या राजवटीत हटली नाही, आणि २०२० च्या निवडणुकीत त्याची किंमत पक्षाला मोजावी लागली. महासाथीत त्यांनी वैद्यकीय नोंदणी पुन्हा करून आठवड्यातून एक पाळी दूरध्वनीवर रुग्ण तपासण्याचे काम केले, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा मित्राला दिल्याबद्दल त्यांना डॉइलमध्ये क्षमा मागावी लागली; चौकशीअंती २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी डिसेंबरात, आयर्लंडच्या यादवी युद्धापासून एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन पक्षांच्या करारानुसार, ते दुसऱ्यांदा टीशक झाले.

परक्या नावाच्या माणसाला आपले म्हणणे हे काही फक्त डब्लिनलाच जमले असे नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने भावनगरला जन्मलेल्या समाजवादी अशोक मेहतांना लोकसभेवर पाठवले. त्याच निवडणुकीत डॉ. आंबेडकरांना येथे पराभव पत्करावा लागला, ही खंत या जिल्ह्याच्या इतिहासात कायम राहील. तीन वर्षांच्या आतच बाबासाहेब निवर्तले. पुढली निवडणूक त्यांना लाभली नाही. आणि पायरीपायरीने वर जाण्याचे उदाहरणही येथलेच आहे : प्रफुल्ल पटेल १९८५ मध्ये गोंदिया नगरपरिषदेचे अध्यक्ष झाले व १९९१ मध्ये लोकसभेत गेले. पण त्यांच्या घरी वडिलांपासून राजकारण होते. ज्याच्या घरी ते नाही, अशा लाखांदूरच्या किंवा तुमसरच्या शिक्षकाच्या मुलीला पहिल्या पराभवानंतर तग धरायचा असेल, तर तिला वारसा नको, पैसाही दुय्यम. तिला पुढली तारीख ठाऊक हवी.

२० मार्च २०२४ रोजी वराडकरांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि ९ एप्रिल रोजी सायमन हॅरिस टीशक झाले. देशाचा कर्णधार बदलला, सत्ताधारी पक्ष नव्या नेत्याखाली अजून सावरत होता; निवडणूक पुढे ढकलण्यास सरकारांना याहून कमी सबळ कारणे पूर्वी पुरली होती. पण ७ जून २०२४ रोजी, ठरलेल्या वर्षी, ठरल्याप्रमाणे स्थानिक मतदान झाले आणि देशभरातून ९४९ सदस्य निवडून आले. फिंगलमध्ये जे त्या दिवशी हरले, त्यांना २०२९ हे साल ठाऊक आहे.