रंगकाम घरात, पंप बाल्कनीत

मी बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून बोलतोय. रसेल मार्केट इथून हाकेच्या अंतरावर. दिवाळी जवळ आली की आमच्याकडे घरोघर रंगकाम निघतं, आणि दिवाणखान्यात माशांची टाकी असली की तिला प्लास्टिक गुंडाळून माणसं निर्धास्त होतात.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, लवकर या, मासे वर येऊन तोंड उघडतायत." टाकी शाबासकी द्यावी इतकी नीट झाकलेली. पण हवेचा पंप शेजारच्या स्टुलावर, आणि दाराला ऑइल पेंट चाललेला! पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टर्पेंटाइनची वाफ नळीतून थेट आत, आणि प्लास्टिकमुळे तिथेच कोंडलेली. नातीचे दोन गुरामी गेले. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवाही घेतात, त्यांना दोन्हीकडून मार. बाकीचे वाचले.

रासायनिक हल्ल्यात रणगाडा नुसता बंद करून भागत नाही. गाळलेली हवा आत ढकलून दाब किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, विष आत येत नाही. टाकीलाही तेच करायचं. लांब नळी घेऊन पंप बाल्कनीत ठेवा, पावसापासून आडोशाला. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. प्लास्टिकला एका कोपऱ्यात फट ठेवा.

फिल्टर बंद करू नका. त्यातले जिवाणू माशांची घाण पचवतात, आणि वाहतं पाणी थांबलं की ते मरू लागतात. पेंटरचा पोऱ्या घासायचं मशीन लावायला हमखास तोच प्लग काढतो. मी प्लगवर लाल चिकटपट्टी लावतो आणि पोऱ्याला मासे दाखवतो. दुसऱ्या उपायाचा गुण जास्त.

जुनी घरं असतील तर खरवडताना जास्त जपा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंतच असावं, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांची धूळ पाण्यात नको, आणि पोरांच्या नाकात तर नकोच.

भरलेली टाकी मात्र उचलू नका. शंभर लिटर म्हणजे नुसतं पाणीच शंभर किलो, सांधे सुटतात. रंग वाळला तरी वास जाईपर्यंत पंप बाल्कनीतच राहू दे.