पाण्याचें श्रेय कोणाला?



आमच्या तेरखेड्याकडे पाण्याची गोष्ट निघाली कीं सर्वांचे कान टवकारतात. म्हणून आजचें गणित मी पाण्यापासूनच आरंभितों.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 मध्यें सुरू झालें. दरसाल 5,000 गांवें टंचाईमुक्त करण्याचा संकल्प होता. 2015 सालीं मराठवाड्यांत पाऊस रुसला. एप्रिल 2016 मध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच वर्षीं पावसाळा मात्र उत्तम झाला आणि विहिरी भरल्या. आतां श्रेय कोणाचें, नाला-खोलीकरणाचें कीं मेघराजाचें?

‘अगोदर आणि नंतर’ एवढेंच पाहणारा मेघराजाचें सारें पुण्य खोदकामाच्या खातीं जमा करतो. एकाच वर्षीं दोन गांवें ताडून पाहिलीं तरी फसगत आहेच, कारण कामासाठीं मुळांत टंचाईचीं गांवें निवडलेलीं. म्हणून दोहोंच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवून फरकांतला फरक काढावा. समजा, काम झालेल्या गांवीं पाणी 9 हात चढलें, न झालेल्या गांवीं 6. तर कामाच्या पदरीं 3 हात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत शिरापूर व कळमण येथें इक्रिसॅट संस्थेनें 1975 पासून ठराविक कुटुंबांच्या अशाच नोंदी ठेवल्या.

परंतु काम नसतें तर दोन्ही गांवें सारखींच चढलीं असतीं, हें आपण गृहीत धरलें. सहामाहींत घसरलेल्या मुलांची मी जादा शिकवणी घेत असें आणि वार्षिकांत तीं वर आलीं कीं मिशीला पीळ देत असें. आजारपणानें घसरलेलें पोर आपोआपही वर येतें, हें निवृत्तीनंतर ध्यानांत आलें! दुष्काळांत निवडलेल्या गांवाचेंही तसेंच. यावर तोड अशी कीं, अनेक गांवांचें प्रमाणशीर मिश्रण करून मागच्या सर्व वर्षांत, घसरणीसकट, आपल्या गांवाशीं जुळणारें एक कल्पित गांव रचावें आणि तुलना त्याच्याशीं करावी. आबादी व गार्देअसाबाल यांनीं 2003 सालीं स्पेनमधील बास्क प्रांताच्या अभ्यासांत ही रीत वापरली. मला ती अधिक पटते. मात्र आधींच्या नोंदी दीर्घ हव्यात.

आणखी एक गफलत. गांवें टप्प्याटप्प्यानें घेतलीं गेलीं. 2017 च्या गांवाची तुलना 2015 मध्येंच काम झालेल्या गांवाशीं केली, तर पहिल्याच्या यशांतून दुसऱ्याचें अजून वाढत असलेलें पाणी वजा होतें. नेहमींच्या हिशेबांत ही चूक नकळत शिरते, हें गुडमन-बेकन यांनीं 2021 सालीं दाखवून दिलें. अशा वेळीं काम न झालेलीं गांवेंच तुलनेस घ्यावीं. तींही ओढ्याच्या खालच्या अंगाचीं नकोत, कारण वरच्या बांधाचें पाणी झिरपून त्यांच्या विहिरींत उतरतें.

आमच्या पंचक्रोशींत कोणीं 2014 पूर्वींपासून आपल्या विहिरीची पातळी वहींत टिपून ठेवली असेल, तर ती वही मला पाहावयास द्यावी, ही विनंती.